बरं बा

“अंगठा आत, संपदा. लिफ्ट मागतेस काय रस्त्यावर?”

संपदाने अंगठा आत घेतला. तो आत गेला तशी उरलेली चार बोटं खराट्याच्या काड्यांसारखी ताठ झाली. शेजारच्या निशिगंधाची अडचण वेगळी होती. ती आधी तीन वर्षं भरतनाट्यम शिकली होती. हात उचलला की तिची बोटं आपोआप एकमेकांना चिकटायची आणि तिथे नाचातली पताका मुद्रा उभी राहायची.

सेलेस्टिनने टेपरेकॉर्डर बंद केला.

“निशी, तुझी बोटं बोलतात. तिकडं त्येंनी बोलायचंच असतं. नदी सांगायची, मोर सांगायचा. हिकडं बोटांनी काय सांगायचं न्हाय.”

“मग बाई, हाताने करायचं काय?”

“हात खांद्यापाशी सुरू होतो. तो कुठं संपला, हे बघणाऱ्याला कळता कामा न्हाय. एवढंच करायचं.”

शांती नगरमधल्या त्या सोसायटीचा हॉल तळमजल्यावर होता. जमीन कोटा फरशीची, गार आणि टणक. धरायला लाकडी दांडा नव्हता, म्हणून मुली खिडकीचे गज धरत. शनिवार-रविवार सकाळी नऊ ते अकरा, सहा मुली, वयं नऊ ते अकरा. बॅले शिकवणारी सेलेस्टिन उत्तनहून बसने भाईंदरला येई आणि रेल्वेचा पूल ओलांडून रिक्षाने पुढे. वय बेचाळीस, अंगात साधा फ्रॉक, केसांचा घट्ट अंबाडा. हा क्लास दीड वर्षापासून चालू होता.

दारात वॉचमन ईश्वर उभा राहिला. “टीचर, ग्यारह बजे कमिटी का मीटिंग है. हॉल खाली करना पडेगा.”

“बरं बा,” सेलेस्टिन म्हणाली.

तिच्या पाठीमागे बाराच्या बारा हात खाली आले.

ईश्वर हसला. हे त्याला नवीन नव्हतं. या क्लासात ‘बरं बा’ हे एका स्थितीचं नाव होतं. दोन्ही हात खाली, मांड्यांपासून वीतभर पुढे. कोपरं किंचित वाकलेली, तळवे वरच्या बाजूला, दोन हातांच्या बोटांमध्ये चार बोटं अंतर. प्रत्येक नाच तिथून सुरू होतो आणि तिथेच येऊन थांबतो. मुलींना ती इतकी सवयीची झाली होती की बाई कुणालाही, कशालाही ‘बरं बा’ म्हणाल्या तरी हात खाली यायचे.

सेलेस्टिन हे कुठल्या शाळेत शिकली नव्हती. सतराव्या वर्षी ती वांद्र्याच्या मिस ग्लॅडिसच्या बॅले क्लासात आया म्हणून लागली, ती बावीस वर्षं राहिली. लाकडी जमीन झाडायची, बूट घसरू नयेत म्हणून राळेची पूड टाकायची, रेकॉर्ड लावायची, पन्नास मुलींचे अंबाडे बांधायचे. संध्याकाळी सगळे गेल्यावर आरसे पुसता पुसता ती दिवसभर पाहिलेलं करून बघे. एकदा मिस विसरलेला चष्मा न्यायला परत आली आणि दारात उभी राहिली. सेलेस्टिनच्या हातात फडकं तसंच होतं. मिस म्हणाली, “कोपर, सेलेस्टिन. कोपर पडतंय,” आणि चष्मा घेऊन निघून गेली. पुढे त्याबद्दल दोघी कधी बोलल्या नाहीत. पण त्या दिवसापासून मिस रेकॉर्ड प्लेअरच्या कपाटाला कुलूप लावायची थांबली.

एक्क्याण्णव साली मिस क्लास बंद करून ऑस्ट्रेलियाला भावाकडे गेली. सेलेस्टिन उत्तनला परतली. शांती नगरात पहिल्या दिवशी मुलींनी तिला ‘बाई’ म्हटलं, तेव्हा तिचा आवाज उतरला होता. वांद्र्यात बाई म्हणजे कामवाली. संपदाच्या आईने, मृणालिनीने, ते ओळखलं. ती टेलिफोन एक्स्चेंजमध्ये ऑपरेटर, गिरगावातून इकडे राहायला आलेली. माणसाचा आवाज बदलला की तिला लगेच कळे. ती म्हणाली, “अहो, आमच्याकडे शाळेत टीचरला बाईच म्हणतात. मोठा मान आहे तो.” सेलेस्टिन मान हलवून मोकळी झाली, पण तिच्या मनातून ते पुरतं गेलं नव्हतं. आपल्या हातात आहे तो खरा बॅले, की आयाने केलेली नक्कल, हे तिचं तिलाच ठाऊक नव्हतं. सांगू शकेल असं एकच माणूस होतं. लंडनहून वर्षातून एकदा येणारी परीक्षक.

परीक्षेला मुली बसवायच्या तर नोंदणी झालेल्या शिक्षिकेची सही लागते. त्यासाठीच रविवारी, तेरा फेब्रुवारीला, ॲलिसन शांती नगरात आली.

ॲलिसन तिशीची, मिस ग्लॅडिसची विद्यार्थिनी, आता वांद्र्यात स्वतःचा क्लास चालवणारी. ती आठ वर्षांची असताना सेलेस्टिनने तिचे अंबाडे बांधले होते. ती प्लॅस्टिकच्या खुर्चीवर बसली. दोन-तीन आया भिंतीला टेकून उभ्या होत्या, म्हणजे मुलींच्या आया. सेलेस्टिन टेपपाशी गेली.

“बरं बा,” तिने सुरुवात केली. हात खाली आले.

“एक मिनिट. क्या बोला तुमने?”

“बरं बा. पोझिशन.”

ॲलिसन आधी हसली, मग हसू आवरत म्हणाली, “सेलेस्टिन, ब्रा बा. फ्रेंच शब्द आहे. ब्रा म्हणजे हात, बा म्हणजे खाली. मिस ब्रा बा बोलायची. तू इतके साल काय ऐकलंस?”

भिंतीकडून कुणीतरी खुसखुसलं. मुली एकमेकींकडे पाहू लागल्या. सेलेस्टिनच्या कानाच्या पाळ्या तापल्या. पण तिने टेपचं बटण दाबलं आणि अर्धा तास मुलींकडून सगळं करून घेतलं. पाहुण्या बाईसमोर मुलींची बोटं आणखीच आखडली.

जाताना ॲलिसन तिला बाजूला घेऊन म्हणाली, “पाय चांगले आहेत. खरंच चांगले. पण हात बघ, लाकूड. कागदावर नाव माझं जाणार, सर्टिफिकेटवर पण माझंच येणार. असे हात मी नाही पाठवू शकत. परीक्षा सहा मार्चला आहे. आदल्या शनिवारी मी परत येते. तेव्हा बघू.”

“सर्टिफिकेटवर तुजंच नाव असू दे,” सेलेस्टिन म्हणाली. “पोरींना बसव फक्त.”

हॉलबाहेर मृणालिनी चपला घालत होती. ती आडून बोलणारी नव्हती. “बाई, एक विचारू? नावच चुकीचं शिकवलंत, तर बाकीचं बरोबर आहे हे आम्ही कशावरून धरायचं?”

सेलेस्टिनने हॉलचं दार ओढून घेतलं. ती म्हणाली, “तीन हप्ते द्या मला.”

पुढच्या शनिवारी तिने योग्य नाव शिकवायला घेतलं. “आजपासून ब्रा बा बोलायचं.” सहाही मुली तोंडावर हात दाबून फुटल्या. निशिगंधा तर जमिनीवरच बसली. “बाई, ब्रा? मोठ्याने म्हणायचं?” दर वेळी शब्द उच्चारला की कुणीतरी फिस्कन हसे, बाकीच्या हसू दाबत, आणि हसू दाबणाऱ्या माणसाचे हात कसे असतात? मुठी वळतात, खांदे वर जातात. रविवारी तेच. पंधरा मिनिटांचा सराव दोन तासांत झाला नाही. त्या आठवड्यात मुलींचे हात आधीपेक्षा वाईट होते, हे तिने स्वतःशी कबूल केलं.

सोमवारी पहाटे उत्तनच्या वाळवणावर ती आईला हात द्यायला गेली. समुद्राच्या कडेला बांबू रोवून दोरांच्या रांगा बांधलेल्या, त्यांवर बोंबील सुकत घालायचे. एका बोंबलाचा जबडा दुसऱ्याच्या जबड्यात अडकवायचा आणि जोडी दोरावर टाकायची. जोर केला तर जबडा फाटतो, निष्काळजीपणा केला तर बारीक दात बोटात शिरतात. आई, पास्कोलबाय, अडुसष्ट वर्षांची. साठ वर्षं हेच करत होती.

“आज तोंड का गो पाडलंस?” आईने विचारलं.

सेलेस्टिनने सगळं सांगितलं. शब्द चुकला, ॲलिसन हसली, मुली हसल्या.

“म्हंजे बावीस वर्सं तू हात खाली सोडायला शिकत व्हतीस? आनि त्येचं नाव पन चुकलं?”

“हां, हस तू पन.”

“हसत न्हाय. मी बोलते, सोड तो नाच. हितं काय काम कमी हाय? मासळीच्या वासाची कोन परीक्षा घेत न्हाय.”

“न्हाय सोडायची, आय. सहा तारखेपत्तोर न्हाय. मग तू सांगशील ते करीन.”

आईने लेकीकडे पाहिलं. वाद घालण्यात अर्थ नाही, हे तिला दिसलं असावं. राग नव्हता, हार नव्हती, हातातली जोडी दोरावर टाकून ती म्हणाली, “बरं बा.”

आणि तिचे हात खाली आले.

सेलेस्टिन बघत राहिली. कोपरं सैल, मनगटं न मोडलेली, तळवे थोडे वर. बोंबलाच्या दातांपासून साठ वर्षं जपलेला अंगठा मधल्या बोटाच्या आडोशाला आपणहून गेलेला. दोन हातांमध्ये चार बोटं अंतर. म्हातारीने आयुष्यात बॅले पाहिला नव्हता.

“आय, परत बोल.”

“काय?”

“बरं बा बोल.”

“याड लागलं काय गो तुला?” आई म्हणाली, आणि दुसरी जोडी उचलली.

सेलेस्टिनला सतराव्या वर्षीचा पहिला दिवस आठवला. मिस काहीतरी म्हणाली आणि मिसचे हात असेच खाली आले. तिने शब्द कानांनी ऐकलाच नव्हता. हात पाहिले होते, आणि असे हात तिच्या घरात ज्या शब्दाबरोबर खाली येत, तोच शब्द तिला ऐकू आला. नाव चुकलं होतं. ओळख चुकली नव्हती.

सव्वीस तारखेच्या शनिवारी तिने मुलींना गोल बसवलं. मृणालिनी तिकडेच खुर्ची टाकून बसली होती. आता ती प्रत्येक क्लासला येत असे.

“बरं बा कसं बोलतात, एकेक जण बोला.”

निशिगंधा फणकाऱ्याने म्हणाली. तिचे हात झटकले गेले. दुसरी रडवेल्या सुरात म्हणाली, तिचे हात लोंबले.

“रागाने न्हाय. रडून पन न्हाय. तुमी खाली खेळताय, आईने वरून हाक मारली. जायचं तर हाय. खेळ उद्या परत हाय. मग काय बोलता?”

“आम्ही ‘थांब ना’ म्हणतो,” संपदा म्हणाली.

“हो, आणि अर्धा तास येत नाही,” मृणालिनी म्हणाली. मुली हसल्या. यावेळी कुणी हसू दाबलं नाही. मग मृणालिनीच पुढे म्हणाली, “श्वास सोडता सोडता म्हणा गं. एक्स्चेंजला आम्हाला हेच शिकवलं होतं. समोरचा कितीही तडकला तरी आधी श्वास सोडायचा, मग बोलायचं. आवाज आपोआप खाली येतो.”

संपदाने श्वास सोडला. “बरं बा.” तिचा अंगठा कुणी न सांगता आत गेला.

सेलेस्टिनने तिचा हात धरला नाही, उचलला नाही, काही दुरुस्त केलं नाही. “आता तितनंच वर ने,” ती म्हणाली. “श्वास घे आनि ने. कोपर आधी, बोटं शेवटी. बोटांना म्हायतीच नको, आपन निघालो म्हनून.”

हात वर गेला. निशिगंधाला अजून रविवार आणि पुढचा शनिवार लागला. पताका पुन्हा पुन्हा उभी राहत होती. पाच मार्चला ॲलिसन आली तेव्हा ती बसलीच नाही. उभ्यानेच तिने पूर्ण सराव पाहिला. मुलींचे ओठ हलताना तिला दिसले असणार. ती एवढंच म्हणाली, “परीक्षक ‘ब्रा बा’ बोलेल, हे त्यांना माहीत आहे ना?”

“हाय. ती तिचं बोलेल, पोरी आपलं बोलतील. मनात.”

ॲलिसनने पर्समधून पेन काढलं.

सहा मार्चला सकाळी रेनॉल्डची मॅटाडोर सोसायटीच्या दारात लागली. रेनॉल्ड सेलेस्टिनचा मावसभाऊ. गाडी पहाटे मासळी घेऊन भाईंदरच्या बाजारात जाई. त्याने ती फिनेलने दोनदा धुतली होती, त्यामुळे आता तिला फिनेल आणि बोंबील असा दोन्हींचा वास होता. पांढरे मोजे घातलेल्या सहा मुली नाकाला रुमाल लावून चढल्या. काशिमिऱ्याला हायवे लागेपर्यंत त्यांचे रुमाल गळून पडले होते आणि त्या गाणी म्हणत होत्या.

वांद्र्याच्या त्या हॉलमध्ये परीक्षेच्या खोलीत फक्त परीक्षक, पियानोवाली आणि मुली. शिक्षिकांनाही आत प्रवेश नाही. सेलेस्टिनने सहा अंबाडे बांधले, प्रत्येकीत सात पिना. दार बंद झालं तशी ती कॉरिडॉरच्या टोकाच्या बाकावर जाऊन बसली. तिथे शहरातल्या मुलींबरोबर आलेल्या कामवाल्या बसल्या होत्या, पाण्याच्या बाटल्या आणि डबे सांभाळत. एकीने सरकून जागा दिली.

“कोनाकडं कामाला हायस?”

“या पोरींची बाई हाय मी.”

“सगळ्या साहांची? एकटी?” तिला फार वाईट वाटलं. “पगार तरी बरा देतात का?”

सेलेस्टिनने तिची समजूत काढली नाही. ती दाराकडे कान लावून होती. पियानो सुरू व्हायच्या आधी आतून परीक्षकाचा स्वच्छ आवाज आला, “ब्रा बा.” मग काही ऐकू आलं नाही. ना हसू, ना बुटांची खसखस. बावीस वर्षं तिने दाराबाहेरूनही वर्ग ऐकले होते. अवघडलेल्या मुलींची शांतता कशी असते आणि तयार मुलींची कशी, हे तिला कळत होतं. तिने मांडीवरची पिशवी बाजूला ठेवली.

चाळीस मिनिटांनी मुली लाल चेहऱ्यांनी बाहेर आल्या. त्यांच्या मागून परीक्षक आली. उंच, साठीची, पांढऱ्या केसांची. पुढच्या तुकडीला दहा मिनिटं होती. तिने ॲलिसनला इंग्रजीत विचारलं, “या मुलींचे हात कोणी बसवले?”

ॲलिसनच्या हातात अर्जांची फाइल होती आणि फाइलवर तिचं नाव होतं. एक ‘मी’ म्हटलं असतं तर कुणी खोटं ठरवलं नसतं. तिने कॉरिडॉरच्या टोकाकडे बोट दाखवलं. “त्यांनी. त्या यांच्या टीचर आहेत.”

परीक्षक बाकापर्यंत चालत आली. कामवाल्या उठून उभ्या राहिल्या. सेलेस्टिनही सवयीने उठली. निकालाबद्दल बोलायची परीक्षकाला परवानगी नव्हती आणि ती बोललीही नाही. ती म्हणाली, “तीस वर्षं मी मुलींना हात सैल सोडा म्हणून सांगते आहे. तुमच्या मुली ओठांत काहीतरी पुटपुटतात आणि हात सुटतात. सहाहीजणी. काय म्हणतात त्या?”

बावीस वर्षं इंग्रजी ऐकून सेलेस्टिनला ते पुरतं समजलं. बोलायची मात्र वेळ फारशी आली नव्हती.

“बरं बा,” ती म्हणाली. “मीन्स, ऑल राइट, देन.”

परीक्षकाने तो शब्द दोनदा हळू म्हणून पाहिला, जणू टिपून घेत होती, आणि ती आत गेली. बाकावरच्या बाईने सेलेस्टिनला ढोसलं. “तुला काय बोलली गं ती मडम?”

“कामाचं विचारत व्हती,” सेलेस्टिन म्हणाली.

निकाल मे महिन्याच्या दुसऱ्या रविवारी आला. सुट्टी असूनही सहाही मुली हॉलमध्ये हजर होत्या. आया होत्या, चार-पाच वडीलही होते, आणि कमिटीचे सेक्रेटरी उगाच इकडेतिकडे करत होते. हॉल पुढच्या वर्षीही क्लासलाच द्यायचा, हे त्यांनी आल्या आल्या सांगून टाकलं होतं. ॲलिसनने पाठवलेलं पाकीट मृणालिनीने उघडलं. सहाच्या सहा पास. चौघींना मेरिट. निशिगंधाला डिस्टिंक्शन, आणि हातांच्या रकान्यात परीक्षकाच्या अक्षरात एकच इंग्रजी शब्द होता. मृणालिनीने तो वाचला आणि मराठीत सांगितला, “नितळ.”

ईश्वरने पेढ्यांचा खोका फिरवला. निशिगंधाची आई डोळे पुसत होती आणि पुसत नसल्यासारखं दाखवत होती. मुली खिडकीपाशी रांगेत उभ्या राहून एकमेकींची सर्टिफिकिटं वाचत होत्या. तेवढ्यात संपदाने मान वर केली.

“बाई, इथे टीचरच्या जागी तुमचं नाव नाहीये. ॲलिसन मॅडमचं आहे.”

हॉलमधली डोकी तिकडे वळली. आयांपैकी काहींना हे माहीत होतं, काहींना नव्हतं. मृणालिनी पुढे झाली. तिचा आवाज चढला होता. “हे चालायचं नाही. मी उद्या फोन लावते त्यांना. लंडनला लावते, माझ्याकडे ट्रंक कॉलचा बोर्ड आहे. दीड वर्ष खपलंय कोण आणि नाव कोणाचं? बाई, तुम्ही काहीतरी बोला.”

सेलेस्टिनने संपदाच्या हातातला कागद घेतला. जाड, पिवळसर, खाली सोनेरी शिक्का. नाव ज्या ओळीवर असायला हवं होतं त्या ओळीवर तिने क्षणभर बोट टेकवलं. मग कागद संपदाला परत दिला आणि श्वास सोडला.

“बरं बा,” ती म्हणाली.

खिडकीपाशी सहा मुलींच्या हातांत सर्टिफिकिटं होती, पेढे होते, एकीच्या हातात पाण्याचा पेला होता. कुणी कुणाकडे पाहिलं नाही. जिच्या तिच्या वस्तू खिडकीच्या कट्ट्यावर ठेवल्या गेल्या आणि बारा हात खाली आले. कोपरं सैल, अंगठे आत, दोन हातांमध्ये चार बोटं अंतर. आणि पुढच्या हालचालीसाठी त्या तशाच थांबून राहिल्या.